जुन्या प्लॅटफॉर्मचा कोड काढताना: काय आधी, काय नंतर, आणि हात कुठे पोळतो

नेहमी घडतं ते असं. शुक्रवारी दुपारी कुणीतरी कोडबेसमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या सगळ्या कोडमध्ये, 'एक्सपी' (विंडोज एक्सपीसाठी लिहिलेला कोड) शोधतो. दोनशे जागा सापडतात, त्या तो उडवतो, बिल्ड (कोडपासून प्रोग्रॅम तयार करणं) हिरवा होतो आणि सगळं एकाच कमिटमध्ये, म्हणजे एकाच नोंदवलेल्या बदलात, ढकलून तो घरी जातो. दीड महिन्याने विंडोज १०वरच्या एका ग्राहकाच्या बिलातले रकाने सरकतात, रकमेचा शेवटचा आकडा खालच्या ओळीत जाऊन बसतो. मग साडेचार हजार ओळींच्या त्या कमिटमधून कारण उपसायला दोन माणसं तीन दिवस लागतात.

ओळी डिलीट करायला अक्कल लागत नाही. चुकतो तो क्रम. प्रत्यक्ष काढणं खालच्या यादीत सहाव्या टप्प्यावर आहे, आणि तिथे पोचेपर्यंत निम्मं काम झालेलं असतं.

उदाहरण मी रोज हाताळतो तेच घेतो: सी++मध्ये लिहिलेलं, वीस वर्षं जुनं, दुकानांत चालणारं बिलिंगचं डेस्कटॉप सॉफ्टवेअर. त्यातून विंडोज एक्सपी आणि विंडोज ७ या जुन्या प्लॅटफॉर्मसाठीचा कोड काढायचा आहे. तुमचा प्रकल्प लिनक्सवरचा असेल, किंवा एखादा जुना प्रोसेसर काढायचा असेल, तर नावं बदलतील, टप्पे तेच राहतील.

## टप्पा १: खरंच मेलाय, की नुसता दिसत नाही?

मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ला थांबवला आणि विंडोज ७चा १४ जानेवारी २०२०ला. तुमच्या ग्राहकाला या तारखांशी देणंघेणं नाही. तालुक्याच्या गावातल्या औषधाच्या दुकानात विंडोज ७चं मशीन अजून चालू असतं, कारण जुना प्रिंटर त्यावर नीट चालतो आणि चालू गोष्टीला हात लावायचा नाही हा मालकाचा नियम. हे मशीन अपडेट सर्व्हरच्या लॉगमध्ये दिसणारही नाही, कारण त्याला इंटरनेटच नाही.

म्हणून मोजणी तीन ठिकाणांहून करा: अपडेट सर्व्हरचे लॉग, सपोर्टला आलेले फोन, आणि एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) भेटींना जाणाऱ्या मुलांच्या वह्या. वह्या चाळायचा सगळ्यांना कंटाळा येतो. आमची बरीचशी जुनी मशीनं तिथेच सापडली.

दुसरा प्रश्न टीमला विचारा: या प्लॅटफॉर्मवर बिल्ड करून चाचण्या शेवटच्या कधी चालवल्या? पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसची व्याख्या मला पटते. तिथे प्लॅटफॉर्म सपोर्टेड मानायला दोन गोष्टी लागतात: कोडमध्ये त्याची सोय हवी, आणि अलीकडच्या काळात तिथे बिल्ड होऊन चाचण्या पास झालेल्या हव्यात. दुसरी गोष्ट नसेल तर तुमच्याकडे सपोर्ट नाही, फक्त सपोर्टचा कोड आहे.

तिसरं म्हणजे डिपेन्डन्सी, म्हणजे तुमचा प्रोग्रॅम ज्यांवर अवलंबून आहे ती बाहेरची साधनं आणि भाषा, बघा. पायथन ३.९ विंडोज ७वर चालत नाही. रस्टला १.७८पासून किमान विंडोज १० लागतं. अशी एखादी गोष्ट तुम्ही आधीच अपग्रेड केली असेल तर निर्णय तेव्हाच झाला आहे, फक्त कागदावर आणायचा राहिला आहे.

तपासा: किती ग्राहक, कुठले, आणि त्यांना काय सांगायचं हे एका पानावर लिहिलेलं आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: नवी किमान अट एका वाक्यात लिहा

'जुनं विंडोज बंद' ही अट नव्हे. ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती, ३२ की ६४ बिट, आणि कंपाइलर या तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत, आणि सगळ्यात जास्त घोळ दुसरीत होतो. विंडोज १० ३२ बिटमध्येही मिळत होतं. फक्त ६४ बिट हा प्रकार विंडोज ११पासूनचा. विंडोज ७ सोडलं म्हणून ३२ बिटचा बिल्ड आपोआप सुटत नाही. तोही सोडायचा असेल तर तो वेगळा निर्णय, वेगळी मोजणी आणि वेगळी मोहीम. दोन्ही एकत्र केलंत की काही मोडल्यावर कशामुळे मोडलं ते सांगता येत नाही.

याच टप्प्यावर शेवटच्या जुन्या आवृत्तीला टॅग (ओळखीची खूण) लावा, ब्रँच (कोडची वेगळी शाखा) काढा, आणि तो बिल्ड ज्या मशीनवर होतो त्याची व्हर्च्युअल मशीन इमेज जपून ठेवा. एक्सपीसाठीचा टूलसेट, म्हणजे कंपाइलर आणि त्याच्या सोबतची साधनं, व्हिज्युअल स्टुडिओ २०१७च्या काळातला आहे. उद्या नव्या लॅपटॉपवर तो जमवत बसायची वेळ कुणावर येऊ नये. त्या ब्रँचवर दुरुस्त्या कुठल्या तारखेपर्यंत येतील तेही आत्ताच लिहा. 'गरज पडली तर बघू' असं लिहिलंत तर गरज कायमच पडते.

## टप्पा ३: आधी कुलूप

एकही ओळ न काढता जुना रस्ता बंद करायचा. कोड जागेवर, पण वापरता येत नाही, अशी स्थिती निदान एक रिलीजभर ठेवा. पायथनमध्ये प्लॅटफॉर्म काढण्याची मूळ पद्धत हीच होती: एका आवृत्तीत कॉन्फिगर करतानाच एरर द्यायची, आणि कोड काढायचा तो पुढच्या आवृत्तीत. कुणी ओरडलं तर कुलूप काढायला एक ओळ पुरते. काढलेला कोड परत आणणं तितकं स्वस्त नसतं.

आमच्या उदाहरणात चार कुलपं लागतात, आणि ती याच क्रमाने लावा.

१. अपडेट सर्व्हर. जुन्या मशीनने विचारलं तर 'नवी आवृत्ती नाही' असं उत्तर.
२. प्रोग्रॅममधला अपडेटर. फाइल उतरवण्याआधी तपासणी.
३. इन्स्टॉलर. सरळ मराठीत निरोप: कुठली आवृत्ती लागते, जुनी कुठे मिळेल, फोन कुणाला करायचा.
४. बिल्ड. कुणी एक्सपीचा टूलसेट निवडला तर कंपाइल एरर.

सर्व्हर पहिला का, ते मी फोनवर शिव्या खाऊन शिकलो. एका ठिकाणी आम्ही तपासणी फक्त प्रोग्रॅमच्या सुरुवातीला, मेन फंक्शनमध्ये लिहिली होती. नवी आवृत्ती एका विंडोज ७च्या मशीनवर रात्रीत आपोआप चढली. सकाळी दुकान उघडलं तर 'प्रोसिजर एंट्री पॉइंट सापडला नाही' अशी खिडकी. नव्या एक्झीला (प्रोग्रॅमच्या फाइलीला) लागणारं एक फंक्शन त्या विंडोजमध्ये नव्हतंच, त्यामुळे लोडरने, म्हणजे प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या विंडोजच्या भागाने, तो मेनपर्यंत पोचूच दिला नाही. आमचा सभ्य निरोप आतच राहिला. आणि प्रोग्रॅमच सुरू होत नाही म्हटल्यावर तो स्वतःला मागे तरी कसा नेणार? माणूस पाठवावा लागला, बसने.

सावधान: आवृत्ती तपासायला गेटव्हर्जनएक्स हे विंडोजचं जुनं फंक्शन वापरू नका. विंडोज ८.१पासून, मॅनिफेस्टमध्ये (प्रोग्रॅमची माहिती विंडोजला देणाऱ्या फाइलीत) सपोर्टेड विंडोजची नोंद नसेल तर ते ६.२ म्हणजे विंडोज ८ असंच सांगतं. कुलूप मग विंडोज १०वाल्यांनाही लागतं. कुलूप विंडोज ७, १० आणि ११ अशा तिन्ही मशीनवर प्रत्यक्ष लावून बघा.

## टप्पा ४: यादी, आणि यादीचे तीन ढीग

आता शोधा. एकाच नावाने शोधू नका. तोच प्लॅटफॉर्म कोडमध्ये पाच वेषांत असतो: 'एक्सपी' हे नाव, ५.१ हा आवृत्ती क्रमांक, _विन३२_विनएनटी या किमान विंडोज सांगणाऱ्या मॅक्रोची (कंपाइल होताना किंमत भरली जाणाऱ्या नावाची) ०५०१ ही किंमत, 'व्हिस्टा किंवा पुढचं' असा उलटा प्रश्न, आणि 'जुनं मशीन', 'लेगसी' अशी तुमच्याच कुणीतरी ठेवलेली नावं. शोध सोर्सपुरता ठेवू नका. बिल्ड फाइली, इन्स्टॉलरची स्क्रिप्ट, 'या प्लॅटफॉर्मवर वगळा' म्हणणाऱ्या चाचण्या, मदतीची पानं, भाषांतराच्या फाइली, सोबत दिलेल्या डीएलएल (प्रोग्रॅमला लागणाऱ्या कोडच्या वेगळ्या फाइली) या सगळ्यांत बघा.

नाव न घेता लपलेला कोडही असतो. गेटप्रॉकॲड्रेसने फंक्शनचा पत्ता मागणारी प्रत्येक जागा उघडून बघा. 'हे फंक्शन या विंडोजवर असेल का' अशी शंका असायची म्हणूनच ती बहुधा लिहिली गेली.

सापडलेल्या जागांचे तीन ढीग करा.

पहिला ढीग: निव्वळ त्याच प्लॅटफॉर्मचा. एक्सपीवर देवनागरी नीट दिसायला रीजनल सेटिंगमध्ये जाऊन कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या फाइली बसवायच्या चौकटीत टिक करावी लागायची, आठवतंय? आमच्या प्रोग्रॅममध्ये ती तपासून सूचना देणारा अख्खा डायलॉग होता. हा बिनधास्त जाऊ द्या.

दुसरा ढीग: सामायिक. लिहिला जुन्यासाठी, पण वापरतात आता सगळे. इथे प्रत्येक जागेला कोण बोलावतं ते बघितल्याशिवाय निर्णय नको.

तिसरा ढीग: नाव जुनं, जीव चालू. आमच्याकडे 'एक्सपी फॉन्ट' नावाची फाइल होती. आत काय, तर 'मंगल' फॉन्ट मशीनवर नसेल तर 'निर्मला यूआय' घ्यायचा आणि रकान्यांची रुंदी त्याप्रमाणे जुळवायची. मंगल एक्सपीच्या काळातला, म्हणून फाइलीचं नाव तसं. पण विंडोज १०मध्ये मंगल वैकल्पिक फॉन्टच्या गठ्ठ्यात गेला; मराठी किंवा हिंदी भाषा जोडली तर येतो, नाहीतर नाही. आणि ग्राहकांनी २००९ साली बनवलेल्या बिलांच्या साच्यांत फॉन्टचं नाव 'मंगल' असंच साठवलेलं आहे. म्हणजे ही फाइल आज जास्त गरजेची! सुरुवातीला सांगितलेले सरकलेले रकाने इथलेच. ऑपरेटिंग सिस्टिम जाते, तिच्यावर तयार झालेल्या फाइली ग्राहकाकडे राहतात. जुने साचे, जुना डेटाबेस, जुनी निर्यात वाचणारा कोड प्लॅटफॉर्मचा नसतो. त्याचं नाव बदला, कोड ठेवा.

सावधान: _विन३२ हा मॅक्रो ३२ बिटचा नाही. ६४ बिटच्या बिल्डमध्येही कंपाइलर तो देतोच; त्याचा अर्थ फक्त 'विंडोज'. '३२ बिट काढतोय' म्हणून हा उडवणारा माणूस प्रत्येक टीममध्ये एकदा तरी येतो.

## टप्पा ५: आजचा फोटो काढून ठेवा

काढायला सुरुवात करण्याआधी जिवंत प्लॅटफॉर्मचे सगळे बिल्ड करा, आणि ऑब्जेक्ट फाइली (कंपाइलरने कोडच्या प्रत्येक फाइलीतून तयार केलेल्या), वॉर्निंगची यादी, चाचण्यांचे निकाल बाजूला ठेवा. याच्याशीच पुढे तुलना करायची आहे.

एक वॉर्निंग मुद्दाम चालू करा. प्रीप्रोसेसरच्या (कंपाइल होण्याआधी कोडचे कोणते तुकडे घ्यायचे ते ठरवणाऱ्या भागाच्या) इफमध्ये अस्तित्वात नसलेलं नाव आलं तर तो गुपचूप शून्य धरतो. मॅक्रोची व्याख्या काढलीत पण एक वापर राहिला, तर कंपाइलर हूं की चूं करत नाही, फक्त चुकीची बाजू निवडतो. जीसीसी कंपाइलरमध्ये यासाठी 'डब्ल्यू-अनडेफ' आहे, मायक्रोसॉफ्टच्या कंपाइलरमध्ये सी४६६८. दोन्ही मुळात बंद असतात.

## टप्पा ६: काढणं, बाहेरून आत

६.१ कडेच्या गोष्टी. सीआयमधली (प्रत्येक बदलानंतर आपोआप बिल्ड आणि चाचण्या चालवणाऱ्या यंत्रणेतली) जुन्या प्लॅटफॉर्मची कामं, पॅकेजिंग, इन्स्टॉलरमधल्या शाखा. नंतर पहिल्या ढिगातल्या अख्ख्या फाइली.

६.२ किमान आवृत्तीचा मॅक्रो वाढवणं. _विन३२_विनएनटी ०५०१वरून ०ए००वर. फक्त एक आकडा, पण स्वतंत्र कमिट आणि चाचण्यांची पूर्ण फेरी. या आकड्यावरून हेडरमधली स्ट्रक्चर बदलतात. खिडक्यांच्या कडा-फॉन्टची मापं सांगणाऱ्या नॉनक्लायंटमेट्रिक्स या स्ट्रक्चरमध्ये व्हिस्टापासून एक फील्ड वाढलं. नव्या हेडरने मोजलेला आकार एक्सपीला दिला की ती मापं विचारणारं फंक्शन अपयशी व्हायचं. म्हणून जुन्या कोडमध्ये आकारातून एक इंट वजा करायची युक्ती ठिकठिकाणी सापडते. तीही यादीत घ्या.

६.३ इफडेफ, म्हणजे 'हा मॅक्रो असेल तरच हा तुकडा घे' अशा अटी. हाताने काढू नका. हाताने काढणारा माणूस 'इफडेफ एक्सपी' बरोबर काढतो आणि चाळीस जागांनंतर डोळे थकले की 'इफएनडेफ एक्सपी'ही त्याच झपाट्यात काढतो. 'एक्सपी नसेल तर'वाला तो तुकडा चालू असलेला कोड होता.

अनइफडेफ नावाचं छोटं साधन आहे, लिनक्स कर्नलही हेडर तयार करताना ते वापरतं. 'हा मॅक्रो कधीच नसतो' एवढं सांगितलं की ते बाकीचा हिशोब करतं. वापरताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. फाइलीत बदल झाला तर त्याचा एक्झिट कोड १ येतो. ती एरर नव्हे, एरर २ असते. स्क्रिप्ट पहिल्याच फाइलवर थांबली तर कारण बहुधा हेच. दुसरं, 'एक्सपी किंवा किऑस्क' अशा जोडअटीत एक्सपी खोटं आहे हे कळूनही उत्तर ठरत नाही, म्हणून ती ओळ ते तशीच सोडतं. अशा ओळी नंतर हाताने.

आता माझी आवडती तपासणी. आधी अनइफडेफ छोट्या 'बी' पर्यायाने चालवा. काढलेल्या ओळींच्या जागी ते रिकाम्या ओळी ठेवतं, त्यामुळे ओळींचे क्रमांक हलत नाहीत. जिवंत प्लॅटफॉर्मसाठी कंपाइल करा आणि ऑब्जेक्ट फाइली पाचव्या टप्प्यातल्यासारख्या, पण ६.२ नंतर नव्याने काढलेल्या फाइलींशी ताडून बघा. बिल्डची तारीख-वेळ सोडली तर फरक शून्य यायला हवा; मायक्रोसॉफ्टच्या कंपाइलरमध्ये 'ब्रेप्रो' पर्याय दोन्ही वेळा लावलात तर वेळेचाही अडथळा जातो. फरक आला तर त्या फाइलीत काहीतरी जिवंत कापलं गेलंय. शून्य आला तर 'बी' न लावता पुन्हा चालवा आणि कमिट करा. कमिट संदेशात चालवलेली आज्ञा जशीच्या तशी लिहा, म्हणजे रिव्ह्यू करणारा तीन हजार ओळी वाचण्याऐवजी तीच आज्ञा चालवून बघेल.

६.४ प्रोग्रॅम चालू असताना होणाऱ्या तपासण्या आणि गेटप्रॉकॲड्रेसने मागितलेले उधार पत्ते. इथे साधन नाही, हात आणि डोळे. एक जागा जवळून बघू. मशीन सुरू होऊन किती वेळ झाला हे सांगणारं गेटटिककाउंट६४ एक्सपीवर नव्हतं. म्हणून जुना कोड आधी त्याचा पत्ता मागायचा, नाही मिळाला तर गेटटिककाउंटवर जायचा. ते ३२ बिटचं, मिलिसेकंदांत मोजणारं, आणि ४९.७ दिवसांनी पुन्हा शून्यावर येणारं. आपण पत्ता मागणं काढलं, फॉलबॅक (नाही मिळालं तरचा पर्यायी रस्ता) काढला, थेट ६४वालं बोलावलं. झालं? नाही. ते उत्तर ज्या व्हेरिएबलमध्ये जातं तो प्रकार अजून ३२ बिटचाच आहे, कारण कधीकाळी दोन्हींसाठी एकच प्रकार धरला होता. दोन-दोन महिने बंद न होणाऱ्या काउंटरच्या मशीनवर सेशन टाइमआउट अजूनही वेडंवाकडं वागणार. फॉलबॅक काढलात की त्याच्यापायी सोसलेली मर्यादाही शोधा: प्रकार, बफरचे आकार, वाट बघण्याचे लूप. पण ती दुरुस्ती वेगळ्या कमिटमध्ये, कारण ती वागणूक बदलते.

सावधान: आपोआप काढलेलं, हाताने काढलेलं आणि फॉरमॅटिंग एका कमिटमध्ये कधीही नको. इंडेंटेशन सुधारायची खाज सुटतेच. ती शेवटच्या, वेगळ्या कमिटसाठी राखून ठेवा.

## टप्पा ७: मागे उरलेले अनाथ

एक थर गेला की खालचा उघडा पडतो. लिनक्स कर्नलच्या ४.१७ आवृत्तीतून, २०१८मध्ये, आठ आर्किटेक्चर एकदम काढली. त्यांची फोल्डर गेली तसे फक्त त्याच चिपांवर चालणारे ड्रायव्हरही काढावे लागले. तुमच्याकडे ड्रायव्हर नसतील, पण कुणी न बोलावणारी फंक्शन, कुणी न वाचणारी सेटिंग आणि कुठेच न दिसणाऱ्या भाषांतराच्या ओळी असतील. वॉर्निंग बघत दोन-तीन फेऱ्या मारा.

एक इंटरफेस आणि त्याची एकच अंमलबजावणी उरली असेल तर तो मोडायचा मोह होतो. चाचण्यांमध्ये नकली वस्तू घालायला तो वापरात असेल तर राहू द्या. नसेल तर मोडा, पण या मोहिमेत नको.

सावधान: इन्स्टॉलरमधून डीएलएल काढली म्हणजे ग्राहकाच्या डिस्कवरून ती गेली असं नाही. डीबीजीहेल्प डीएलएलसारखी जुनी प्रत प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये राहिली तर विंडोज सिस्टिमच्या प्रतीआधी तीच उचलतं. अपग्रेडच्या वेळी ती पुसायची ओळ इन्स्टॉलरमध्ये मुद्दाम लिहा, आणि चाचणी कोऱ्या मशीनवर न करता जुनी आवृत्ती असलेल्या मशीनवर करा.

## टप्पा ८: रिलीज आणि नंतरचे काही आठवडे

हे सगळं मुख्य ब्रँचवर रिलीजच्या चक्राच्या सुरुवातीला घाला, मागची आवृत्ती बाहेर पडली की लगेच. शेवटच्या आठवड्यात कुणी 'एवढंच तर काढायचंय' म्हणालं तर नाही म्हणा. मार्चअखेरीला बिलिंगवाल्याने असं काही करू नये, हे वेगळं सांगायला नको.

रिलीजच्या टिपणात 'अंतर्गत सुधारणा' असं लिहून लपवू नका. कुठलं विंडोज सुटलं, शेवटची चालणारी आवृत्ती कोणती, ती कुठे मिळेल, हे पहिल्या तीन ओळींत यायला हवं. सपोर्टच्या टेबलावरही तोच मजकूर छापून ठेवा.

शेवटी चौथ्या टप्प्यातले सगळे शोध पुन्हा चालवा. उरलेल्या प्रत्येक जागेपुढे ती का ठेवली याची एक ओळ असली पाहिजे. मग तेच शोध सीआयमध्ये घाला: जुनं नाव नव्या कोडमध्ये आलं की बिल्ड लाल. नाहीतर सहा महिन्यांनी कुणीतरी जुन्या फाइलीतून तुकडा उचलतो, आणि ०५०१ त्याच्याबरोबर परत येतो.